चेक ‘लान’ आणि आयरिश ‘लान’ हा एकच शब्द आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चेक भाषेत ‘लान’ म्हणजे शेतजमिनीचा मोठा पट्टा, आणि आयरिशमध्ये ‘लान’ म्हणजे भरलेलं. दोन्हीकडे स्पेलिंग तेच, तीनच अक्षरं, मधल्या स्वरावर तीच तिरकी रेघ, उच्चारही जवळपास सारखा. त्यात बोहेमियामध्ये, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागात, एके काळी केल्ट लोक राहायचे हे इतिहासात आहेच, आणि आयरिश ही केल्टिक भाषाच, मग हा केल्टिक शब्द तिथेच राहून गेला असेल का, म्हणजे ‘पिकाने भरलेलं ते लान’ असं काही?

मी ऐतिहासिक भाषाशास्त्र बरीच वर्षं शिकवतेय आणि असे प्रश्न मला मनापासून आवडतात, कारण विचारणाऱ्याने पुरावा गोळा करूनच विचारलेला असतो. उत्तर मात्र नाही असं आहे. हे दोन शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. आणि गंमत अशी की दोघांचेही नातेवाईक आपल्या मराठीत सापडतात, आणि ते चक्क एकमेकांच्या विरुद्ध अर्थाचे आहेत. आयरिश लान हा आपल्या ‘पूर्ण’चा भाऊ, आणि चेक लान हा आपल्या ‘रिक्त’च्या घराण्यातला. कसं ते नीट सांगते.

आधी आयरिश घेऊ, कारण तो शब्द तिथला मूळचाच आहे, कुठून उसना घेतलेला नाही. आयर्लंडमध्ये आयरिश बोलणाऱ्याच्या तोंडात हा शब्द दिवसभर असतो. ग्लास भरलाय तर तो लान, काठोकाठ भरलाय तर ‘लान ग बेल’ म्हणजे शब्दशः तोंडापर्यंत भरलेला. समुद्राला भरती आली की ‘लान मारा’, त्यातला मारा म्हणजे समुद्राचा. चमचाभर, मूठभर असं मापाने सांगायचं तरी लानच लागतो. आणि ‘अ लान’ म्हणजे पुष्कळ, पुष्कळ माणसं असतील तर ‘अ लान दीने’. मग त्याचे जोडशब्द येतात. ‘उम्लान’ म्हणजे संपूर्ण, अख्खं. पूर्णविरामाला ‘लानस्तद’, म्हणजे आपल्या पूर्णविरामाची जशी बांधणी आहे अगदी तशीच, पूर्ण अधिक थांबा. भरणे या क्रियापदाला आयरिशमध्ये ‘लीन’ म्हणतात, तोही याच मुळातला.

आता हा ‘पूर्ण’चा भाऊ कसा, कारण पूर्णमध्ये तर प आहे आणि लानमध्ये प नाहीच. तर तोच मुद्दा आहे. केल्टिक भाषांच्या पूर्वजाने फार जुन्या काळात प हा आवाज टाकून दिला, एखाद्या शब्दात नाही तर सगळीकडे. मूळ इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, आयरिश, चेक या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतला, शब्द साधारण ‘प्ल्‌नोस’ असा होता, ज्यात ल हा स्वरासारखा वापरलेला होता आणि त्याच्या मागे घशातला एक आवाज होता जो पुढे सगळ्याच भाषांत गळाला पण जाताना स्वर लांब करून गेला. लॅटिनमध्ये त्याच धातूपासून ‘प्लेनुस’, इंग्लिशमध्ये ‘फुल’, लिथुआनियनमध्ये ‘पिल्नस’. संस्कृतने ल चा र केला, तिथे पूर्ण झालं. केल्टिकने प टाकला आणि ‘लानोस’ उरलं, त्याचं आयरिशमध्ये लान.

प खरंच पडतो का हे पाहायला आणखी शब्द घ्या. संस्कृत पितृ, लॅटिन ‘पातेर’, आणि आयरिशमध्ये वडील म्हणजे ‘आहर’, सुरुवातीचा प गायब. मासा लॅटिनमध्ये ‘पिस्किस’, आयरिशमध्ये ‘इअस्क’. शब्दाच्या मधला प पण असाच जातो. संस्कृत नपात्, ज्याच्या घरातून आपला नातू आला, त्याचा आयरिश भाऊ ‘निअ’ म्हणजे पुतण्या किंवा भाचा. आपला ताप, तप्त, आणि आयरिशमध्ये गरम म्हणजे नुसतं ‘ते’. त च्या आधी प आला तर तो ख सारखा होतो, म्हणून सप्त ते आयरिश ‘शख्त’. म्हणजे हा नियम आहे, आणि लान त्या नियमात चपखल बसतो. आपण होळीला ज्याची पोळी करतो ते पुरण, म्हणजे आत भरायचं ते, हाही त्याच धातूचा. म्हणजे पुरणपोळीतलं पुरण आणि आयरिश समुद्राची भरती, दोन्हींच्या मुळाशी एकच ‘भरणे’ आहे.

यात एक जागा मला फार आवडते ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेकमध्ये पण हा शब्द आहेच! फक्त तो लान नाहीये, तो ‘प्ल्नी’ आहे, म्हणजे भरलेला. चेकने प ठेवला आणि ल ला स्वरासारखाच वापरायचं जुनं वळणही तिथे दिसतं, प्ल्नी म्हणताना प आणि न च्या मध्ये स्वर नाही, ल वरच आवाज टेकतो. तर आयरिश लानचा खरा चेक भाऊ ‘प्ल्नी’. आता कोणी म्हणेल हे ओढूनताणून जुळवलंय. म्हणून दुसरी जोडी बघा. दाणा, धान्य याला आयरिशमध्ये ‘ग्रान’ आणि चेकमध्ये ‘झ्‌र्नो’. लॅटिन ‘ग्रानुम’. साचा तोच आहे बघा, आयरिशमध्ये जिथे ‘ला’ किंवा ‘रा’ येतो तिथे चेकमध्ये स्वर नसलेला ल किंवा र. लान आणि प्ल्नी, ग्रान आणि झ्‌र्नो. आणि संस्कृतमध्ये त्या जागी पूर्ण आणि जीर्ण, कारण पिकणे आणि जुनं होणे हा एकच धातू होता, दाणा म्हणजे पिकलेला. दोन जोड्या एकाच साच्यात बसतात, आणि संस्कृतही त्याला साक्ष देतं, तेव्हा नातं सिद्ध झालं असं आम्ही म्हणतो. दिसायला सारखं असण्याला इथे काही किंमत नाही. लान आणि प्ल्नी दिसायला कुठे सारखे आहेत?

आता चेक लान. हा चेकमध्ये बाहेरून आला, जर्मनकडून. मध्ययुगीन जर्मनमध्ये ‘लेहेन’ म्हणजे सरदाराने किंवा राजाने सेवेच्या बदल्यात वापरायला दिलेली जमीन. बोलताना त्यातला ह पडून ‘लेन’ असं झालं होतं. तेराव्या शतकात चेक राजांनी आणि मठांनी जंगलं तोडून नवी गावं वसवायला घेतली, त्यासाठी जर्मन शेतकरी बोलावले, आणि गाव मोजून सारखे तुकडे पाडून वाटायची पद्धत त्यांच्याबरोबर आली. एका कुटुंबाला पुरेल आणि ज्यावर सारा बसवता येईल एवढा तुकडा म्हणजे एक लान. लॅटिन दस्तऐवजात त्याला ‘लानेउस’ लिहायचे. पोलिशमध्येही हाच शब्द त्याच वाटेने गेला, तिथे तो ‘वान’ असा उच्चारतात कारण पोलिशने तो जाड ल पुढे व केला. चेकने हा शब्द दोनदा घेतलाय, एकदा लान म्हणून जमिनीच्या मापासाठी, आणि एकदा ‘लेनो’ म्हणून, ज्याचा अर्थ सरंजामी जहागीर. एकाच उगमातून आलेले हे दोन शब्द आजही चेकमध्ये शेजारी शेजारी आहेत, पण सामान्य चेक माणसाला ते एकच वाटत नाहीत.

लान केवढा? साधारण १८ हेक्टर धरतात, म्हणजे ४५ एकरच्या आसपास, पण हे फक्त अंदाजाला. आपल्याकडे जुन्या कागदात चाहूर आणि बिघा यांचं माप जसं ठिकाणाप्रमाणे, जमिनीच्या कसाप्रमाणे बदलायचं तसंच तिथेही होतं. महत्त्वाचं काय तर गावातली माणसाची पत लानवर ठरायची. ज्याच्याकडे लान तो ‘लानीक’. पूर्ण लानवाला वेगळा, अर्ध्या लानवाला वेगळा, पाव लानवाला आणखी खाली, आणि नुसती झोपडी आणि परसू असलेला सगळ्यात तळाला. मोराव्यामध्ये, म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागात, तीस वर्षांचं युद्ध (१६१८ ते १६४८) संपल्यावर सरकारने गावोगाव मोजणी करून ‘लान नोंदवह्या’ केल्या, कर कोणावर किती बसवायचा ते ठरवायला. त्या वह्यांमध्ये गाव, मग कुळाचं नाव, मग त्याचा वर्ग, जमीन किती, आणि बऱ्याच ठिकाणी एक शब्द परत परत येतो, ‘पुस्ती’, म्हणजे ओसाड. युद्धात माणसं मेली, पळाली, घरं जळली, लान पडून राहिले. एखाद्या गावात पूर्वी या जागी कोण होता त्याचं नाव आणि पुढे आता कोणी नाही. ज्यांना जमिनीच्या इतिहासात रस आहे त्यांनी या वह्यांबद्दल जरूर वाचावं, युद्धाने खेड्याचं काय होतं ते आकड्यांत इतकं स्पष्ट क्वचित दिसतं.

आज माप म्हणून लान कोणी वापरत नाही. पण शब्द टिकला, आता तो बहुतेक अनेकवचनात ‘लानी’ असा येतो, गव्हाची नजर पोचेल तिथवर पसरलेली शेतं म्हणजे लानी. थोडा काव्यात्म वाटतो पण बातम्यांतही येतो. आणि गावांच्या नावात तर आहेच. प्रागच्या पश्चिमेला लानी नावाचं गाव आहे, तिथला वाडा १९२१ पासून राष्ट्राध्यक्षांचं उन्हाळी निवासस्थान आहे, आणि चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक १९३७ मध्ये तिथेच गेले आणि त्याच गावाच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्या गावाच्या नावाचा अर्थ सरळ ‘लानं’, शेतजमिनीचे तुकडे.

आता लेहेनच्या मागे जाऊ, कारण आपली गोष्ट तिथे येते. लेहेन हे जर्मन ‘लाईएन’ म्हणजे उसनं देणे या क्रियापदाशी जोडलेलं आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्समध्ये याचं रूप होतं चक्क ‘लान’! अर्थ उसनं दिलेली वस्तू, आणि आइसलँडिकमध्ये आजही ‘लान’ म्हणजे कर्ज, तीच तीन अक्षरं आणि तीच रेघ, फक्त उच्चार थोडा वेगळा. नॉर्सवाल्यांकडून तो इंग्लिशने घेतला आणि त्याचं झालं ‘लोन’. म्हणजे आपण बँकेत जाऊन जे होम लोन काढतो ते लोन आणि चेक शेतातला लान हे सख्खे चुलत भाऊ आहेत. म्हणजे प्रश्नात विचारलेल्या आयरिश लानपेक्षा आपल्या बोलण्यातलं लोनच त्याला जवळचं.

त्याच्याही मागे मूळ इंडो-युरोपीय धातू आहे ‘लेइक्व’, अर्थ सोडणे, मागे ठेवणे. जर्मनिक भाषांनी क चा ह केला (म्हणूनच लेहेनमध्ये ह), ग्रीकने त्याचा प केला आणि ‘लेइपो’ झालं, त्यातून सूर्य ‘सोडून जातो’ म्हणून एक्लिप्स. संस्कृतने परत ल चा र केला आणि धातू झाला रिच्. रिक्त म्हणजे ज्यातून सगळं सोडून गेलंय ते. आपली रिक्त पदे, आणि प्राकृतातून घासून आलेला ‘रिता’, हे सगळे रिच् चेच. आणि सोडून जाण्याची दुसरी बाजू म्हणजे मेलेल्या माणसाने मागे सोडलेलं, म्हणून धर्मशास्त्रात वारशाला ‘रिक्थ’ म्हणतात, आणि ऋग्वेदात धनदौलत, वारसा या अर्थी ‘रेक्णस्’ असा शब्द आहे. हा रेक्णस् आणि जर्मन लेहेन, दोन्ही एकाच धातूवर एकाच न प्रत्ययाने बनलेले. म्हणजे ‘कोणीतरी माझ्यासाठी सोडलेलं’ हा अर्थ इकडे वारसा झाला आणि तिकडे जहागीर झाला, आणि ती जहागीर चेकमध्ये जाऊन शेत झाली. (इथे ऋण आठवेल पण त्याला यात ओढू नका, कर्ज हा अर्थ जुळतो म्हणून मोह होतो, पण ऋणमध्ये क नाहीच, ध्वनी जुळत नाहीत.)

आयरिशमध्ये लेइक्वचं काय झालं? तेही आहे. जुन्या आयरिशमध्ये सोडणे, जाऊ देणे म्हणजे ‘लेकिद’ असं क्रियापद, आजच्या आयरिशमध्ये ते ‘लिग’ झालंय. कोणी त्रास देत असेल तर ‘लिग दम’, मला सोड. तर हिशोब असा फुलीसारखा आहे: आयरिश लानचा चेक भाऊ प्ल्नी, आणि चेक लानचा आयरिश भाऊ लिग. दोन घरं, आणि दोन्ही घरांची माणसं दोन्ही देशांत, फक्त एक आयरिश आणि एक चेक योगायोगाने एकसारखे कपडे घालून उभे राहिलेत.

असा योगायोग फार दुर्मिळ असतो असं समजू नका. मराठीतलंच बघा, ‘वर’ म्हणजे उंचावर, तो संस्कृत उपरि पासून झिजत आला, आणि ‘वर’ म्हणजे नवरदेव, तो वृ म्हणजे निवडणे यापासून. एका भाषेत हे होतं तर हजारो शब्दांच्या दोन भाषांत होणारच, आणि शब्द जितका छोटा तितकी शक्यता जास्त.

आता केल्ट लोकांचा मुद्दा, कारण तो खरंच विचार करण्यासारखा आहे. बोहेमिया हे नाव बोई नावाच्या केल्टिक टोळीवरून आलं हे बरोबर आहे, त्याचा दुसरा भाग मात्र जर्मनिक, घर या अर्थाचा. पण बोई इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात तिथून हलले, मग जर्मनिक टोळ्या आल्या, आणि स्लाव लोक, ज्यांची भाषा पुढे चेक झाली, ते सहाव्या शतकात आले. मध्ये पाच-सहाशे वर्षं गेली. नद्या-डोंगरांची नावं एवढा काळ तग धरतात, शेताच्या मापाचा शब्द तसा धरत नाही. आणि धरला असता तर तो जुन्या चेक खेड्यांत दिसला असता, पण लान दिसतो तो जर्मन वसाहतीच्या कागदांबरोबर, त्याच मोजणीच्या पद्धतीला चिकटून. अर्थही बघा, आयरिश लान ‘भरलेलं’ हे सांगतो, जमिनीचं माप तो कुठेच नाही. केल्टिक ‘प’ पडल्याची खूण बोहेमियात हवीच असेल तर ती आहे, पण वेगळ्या शब्दात. तिथल्या जंगल-डोंगरांना ग्रीक आणि रोमन लोक ‘हर्किनिया’ म्हणायचे, अरिस्टॉटलकडे ते ‘अर्किनिया’ असं येतं. हे ओक झाडाच्या ‘पेर्क्व’ या जुन्या नावापासून प पडून झालेलं केल्टिक रूप, आणि जर्मनिकमध्ये त्याच मुळाचं, प चा फ होऊन, ‘फेर्गुन्ना’ हे डोंगराचं नाव मिळतं. इथे केल्ट लोकांचा ठसा स्पष्ट आहे. लानमध्ये नाही.

रेघेबद्दल एक. दोन्हीकडे ती दीर्घ स्वर दाखवते. आयरिश हस्तलिखितांत ती फार जुनी आहे. चेकमध्ये १५व्या शतकाच्या सुरुवातीला जो लेखनसुधारणेचा लॅटिन ग्रंथ झाला, जो चेक धर्मसुधारक यान हुस यांचा मानतात, त्याने ही रेघ सुचवली. त्याच ग्रंथाने व्यंजनांवर ठिपका द्यायला सांगितला, ज्याची पुढे चेक लिपीतली छोटी टोपीसारखी खूण झाली, आणि आयरिश जुन्या लिपीतही व्यंजनावर ठिपका असायचा, मऊ उच्चारासाठी. दिसायला सारखं, काम वेगळं.

चेक आणि आयरिशमध्ये असे सारखे दिसणारे आणखी शब्दही प्रश्नासोबत विचारले आहेत, तर दोन-तीन पटकन सांगते. ‘दुब’ चेकमध्ये ओकचं झाड आणि जुन्या आयरिश लिखाणात ‘दुब’ म्हणजे काळा, डब्लिन म्हणजे काळा डोह तो यातूनच. नातं नाही, कारण चेक दुबमध्ये पूर्वी अनुनासिक स्वर होता, पोलिशमध्ये आजही ‘दोंब’ म्हणतात, आयरिशमध्ये त्या अनुनासिकाचा मागमूस नाही. ‘सेन’ चेकमध्ये स्वप्न, आणि तो आपल्या स्वप्नचाच भाऊ, तर जुन्या आयरिशमध्ये ‘सेन’ म्हणजे म्हातारा, तो वेदातल्या ‘सन’ म्हणजे जुना याचा भाऊ. स्वप्नचा आयरिश भाऊ वेगळा आहे, ‘सुअन’, म्हणजे झोप, इथेही प गेलाय ते लक्षात आलं असेलच.

आणि शेवटचा ‘दो’, हा नीट तपासण्यासारखा आहे. चेकमध्ये ‘दो’ म्हणजे आत, पर्यंत, ‘दो प्राही’ म्हणजे प्रागला. आयरिशमध्येही ‘दो’ म्हणजे ला, साठी. वर ‘लिग दम’ आलं ना, त्यातला दम म्हणजे हाच ‘दो’ अधिक मी. हे दोन मात्र खरेच भाऊ आहेत, इंग्लिश ‘टू’ त्यांचा तिसरा. पण आयरिशमध्ये आणखी एक ‘दो’ आहे, अर्थ तुझा, आणि तो या घरातला नाही, तो संस्कृत ‘तव’चा भाऊ आणि चेकमधल्या ‘त्वूय’चा. म्हणजे एकाच आयरिश रूपात दोन शब्द लपलेत, एकाचं चेक ‘दो’शी खरं नातं आणि दुसऱ्याचं काहीच नाही, त्यामुळे कोणता ‘दो’ ते आधी वाक्यात बघायचं आणि मगच जुळवायला बसायचं.